पातं नंतर, आधी गाडी बघा

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, शेड 24 बाय 45 फूट. सासरे, म्हणजे अण्णा, सागवानाचं काम करायचे. आम्ही नवरा-बायको गेली सहा वर्षं मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब करतो. रोज आठ-दहा शीट कापल्या जातात, बहुतेक प्रीलॅम (वरचा पातळ थर आधीच बसवलेलं बोर्ड) आणि प्लाय. गेल्या वर्षी कडेला पट्टी लावणारा एज बँडर घेतला, पण पट्टी लावल्यावरही कडेला बारीक रेघ दिसते आणि कपाट जोडलं की कोपऱ्यात फट. आता कर्ज काढून चांगल्यातला स्लायडिंग पॅनल सॉ, म्हणजे सरकत्या टेबलाची करवत, घ्यायचं चाललंय. यजमानांनी प्रदर्शनात एक जर्मन मशीन पाहिलं, सगळं टचस्क्रीनवर. अहमदाबादच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं इटालियन मशीन अर्ध्या किमतीत मिळतंय. तिसरा पर्याय देशी, नवा. अण्णा म्हणतात, "हात सरळ असेल तर करवत कुठलीही चालते." हिशेब मी बघते आणि कापायला मशीनवरही बऱ्याचदा मीच उभी असते. काय घेऊ?
— एक वाचक, प्रतापनगर, बडोदे

उत्तर : ताई, मशीन घ्यायचं की नाही हे तुमचं गेल्या वर्षीच ठरलंय, बँडर घेतलात त्या दिवशी. बँडर पट्टी चिकटवतो, कड सुधारत नाही. कडेला चिपा उडाल्या असतील तर त्या खड्ड्यांत गोंद भरतो आणि तीच तुमची रेघ. प्री-मिलिंगवाला बँडर कड थोडी तासून घेतो खरा, पण काटकोन चुकलेला तुकडा त्यालाही सुधरत नाही. कोपऱ्यातली फट कापतानाच पडलेली असते. बिचाऱ्या बँडरला उगाच शिव्या बसतात.

अण्णांचं म्हणणं मी खोडणार नाही, कारण ते त्यांच्या लाकडाबद्दल खरं बोलतायत. सागाची फळी माणूस अर्धा सूत जास्त ठेवून कापतो आणि मग रंध्याने रेषेवर आणतो. करवतीची चूक रंधा पोटात घेतो. संखेड्याचे खरादी आजही सागाच्या पायावर लाख चढवतात ते हाताच्या अंदाजावर, आणि तिथे तोच अंदाज लाखमोलाचा. पण प्रीलॅमला रंधा लावता येतो का? वरचा थर कागदाएवढा. करवतीतून बाहेर पडला तसाच तो गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात जाणार. अण्णांच्या कामात करवत पहिली पायरी होती, तुमच्या कामात ती शेवटची आहे. घरात वाद आहे तो एवढ्याच फरकाचा.

आता मशीन. विल्हेल्म आल्टेनडॉर्फ नावाच्या जर्मन सुताराने 1906 मध्ये सरकत्या टेबलाची करवत काढली. तोवर लाकूड पात्यावर ढकलत होते आणि सरळपणा फेन्सला, म्हणजे बाजूच्या सरळ पट्टीला, घासत जाण्यावर अवलंबून होता. त्याने लाकूडच एका टेबलावर बसवलं आणि ते टेबल पात्याच्या बाजूने सरळ सरकवलं. मी त्या टेबलाला गाडी म्हणतो. तेव्हापासून मोटर बदलली, पडदे आले, किमतीला शून्यं लागली, पण मशीनचा जीव अजून त्या गाडीतच आहे. प्रदर्शनात मात्र गाडीकडे कुणी बघत नाही. सगळे टचस्क्रीनवर बोटं फिरवत असतात, तुमच्या यजमानांसकट.

गाडीची लांबी आधी ठरवा. आठ फुटी शीट म्हणजे 2440 मिमी. 2600 ची गाडी पुरेल असं वाटतं आणि दुकानदारही तेच सांगतो. पण शीट पकडायचा बूट टोकाला बसला की थोडी जागा तिथेच जाते. आणि उद्या स्वस्त पडतं म्हणून नऊ बाय सहाचं पार्टिकल बोर्ड आणलंत, की ते 2745 मिमी लांब. त्यामुळे 3200. शेडमध्ये ती बसते, पण नीट मांडली तर. अशी गाडी पुढे-मागे धरून सात मीटर, म्हणजे 23 फूट खाते. तुमची शेड 24 फूट रुंद. आडवी लावलीत तर भिंत आणि शीट यांच्यामध्ये कुणाला तरी पोट आत घेऊन उभं राहावं लागेल. 45 फुटांच्या बाजूने लावा. क्रॉसकटचा हात, म्हणजे आडवा काप घेताना शीट जिच्या फेन्सला टेकवतात ती चौकट, डाव्या अंगाला पसरतो आणि उजवीकडे फेन्स असते, त्यासाठी रुंदीत 16-17 फूट मोकळे ठेवा.

लांबी झाली, आता गाडी सरळ धावते का ते बघायचं. हे मी पैसे मोजून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बंद कारखान्यातून मीही असंच एक युरोपियन मशीन घेतलं. विकणाऱ्याने दोन फुटी तुकडा कापून दाखवला. आरशासारखी कड. मी तिथल्या तिथे बयाणा दिला. मशीन बसवलं, पहिली आठ फुटी शीट कापली, दुसरी कापली, दोन्हींच्या कडा समोरासमोर टेकवल्या आणि मागे ट्यूबलाइट धरली. दोन्ही टोकं चिकटलेली आणि मध्ये उजेडाची लांब फाक. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं छोटेच तुकडे कापले होते, त्यामुळे गाडीची वाट तेवढ्याच टप्प्यात झिजलेली. पुढचे सहा महिने मी वाटेखाली शिमा, म्हणजे पातळ चकत्या, घालत आणि काढत बसलो. विकणाऱ्याने फोन उचलणं तिसऱ्या आठवड्यातच बंद केलं होतं.

म्हणून अहमदाबादला गेलात तर दोन आठ फुटी पट्ट्या पूर्ण लांबीत कापून घ्या. त्यातली एक फिरवून कापलेल्या कडा एकमेकींसमोर आणा. गाडीत बाक असेल तर तो दुप्पट होऊन दिसतो, म्हणून ही परीक्षा डोळ्यांनाही पुरते. मग गाडी टोकापर्यंत बाहेर ओढा आणि तिच्या कडेवर तळहाताने दाबा. हलकी डुगडुग लागली तरी मालकाला नमस्कार करून निघा.

काटकोनासाठी वेगळी परीक्षा आहे, पाच कापांची. साधारण मीटरभराचा चौकोनी तुकडा घ्या. एक बाजू कापा, ती कापलेली बाजू क्रॉसकट फेन्सला टेकवा, दुसरी कापा, असं फिरवत चारही. मग पहिलीच बाजू पाचव्यांदा कापा, पण या वेळी सेंटिमीटरभर रुंद पट्टी सुटी होईल इतकी. त्या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजा. चार कोनांची चूक एका पट्टीत साठलेली असते, म्हणून फरकाला चारने भागायचं. फरक 0.8 मिमी आला तर चूक मीटरला 0.2. तुमच्या दोन फूट खोल वॉर्डरोबच्या कडेवर ती 0.12 मिमी भरेल, चालतं. फरक 2 आला तर मीटरला 0.5, म्हणजे त्याच कडेवर 0.3. असे दोन तुकडे समोरासमोर आले की 0.6 ची फट. गिऱ्हाईक ती नखाने दाखवतं. तुम्हाला मी सांगायला नकोच.

फेन्सचा काटकोन मात्र स्क्रू फिरवून दुरुस्त होतो, गाडीची वाट होत नाही. जुनं मशीन पारखताना हा फरक डोक्यात असू द्या.

तुमची ती रेघ घालवणारं दुसरं अंग म्हणजे स्कोरिंगचं छोटं पातं. मोठं पातं शीटमधून खाली बाहेर पडतं, तेव्हा खालचा थर फाडत जातं. स्कोरिंगचं पातं, बहुधा 120 मिमीचं, त्याच्या पुढे उलट दिशेने फिरतं आणि खालून एक-दोन मिमी खोल रेघ आधीच पाडून ठेवतं. मागून मोठं पातं येतं तेव्हा फाडायला थर उरलेला नसतो. आता खुबी. ही रेघ मोठ्या पात्याच्या कापापेक्षा केसभरच रुंद हवी. काप 3.2 मिमीचा असेल, म्हणजे अण्णांच्या भाषेत एक सूत, तर स्कोरिंग त्याहून दशांशभर मिमीपर्यंतच जास्त. कमी पडलं तर चिपा उडणारच. जास्त झालं तर कडेच्या खालच्या बाजूला पायरी पडते, तिच्यावर पट्टी बसते आणि पुन्हा रेघ. डोळ्याला ही पायरी चकवते, नखाला नाही. कापलेल्या कडेवरून नख खालपर्यंत ओढत न्या, अडकलं की समजा.

शंकूच्या आकाराच्या स्कोरिंग पात्याची रुंदी उंची वरखाली करून जुळते. दोन पात्यांच्या जोडीवाल्यात मध्ये पातळ चकत्या घालाव्या लागतात. मोठं पातं धार लावून आलं की काप किंचित अरुंद झालेला असतो आणि जुळणी पुन्हा करावी लागते. हे काम मशीन चालू ठेवून, बाहेरूनच्या बटणांनी किंवा नॉबने होतं का, एवढं विक्रेत्याला नक्की विचारा. ज्या मशीनमध्ये त्यासाठी टेबल उघडून पाना घालावा लागतो, तिथे चौथ्या दिवसापासून कुणी जुळणी करत नाही. माणसाचा स्वभाव आहे.

जर्मन कोटेशनकडे यायचं तर त्यातल्या निम्म्या ओळींवर मी लाल रेघ मारीन. पातं दोन्ही बाजूंना कलणं : तुम्हाला नको. शंभरातले जवळपास सगळे काप तुमचे सरळ आहेत, कधीमधी 45 अंशाचा लागला तर एका बाजूचं कलणं पुरतं. साडेपाचशेच्या पात्याची क्षमता : तुम्ही ओंडके कापत नाही, 18 मिमीच्या दोन शीट एकावर एक ठेवल्या तरी 300 चं पातं हसत कापतं. टचस्क्रीनवर कापांचे आराखडे साठवणं : ते काम लॅपटॉपवरही होतं. वेग मात्र दोन-तीन असू द्या. 300 चं पातं 4000 फेऱ्यांवर असलं की दातांचा वेग सेकंदाला 63 मीटरच्या आसपास येतो आणि शीटला तो मानवतो. मोठं पातं चढवाल तेव्हा फेऱ्या उतरवाव्या लागतात.

पैसे द्यायचेच तर उजव्या फेन्सच्या डिजिटल मापाला द्या. दिवसातून साठ वेळा माप बदलणाऱ्या माणसाची चूक तिथे होते, दुपारी चारनंतर जास्तच.

आणि पैसे द्या बोटांसाठी. तुम्ही स्वतः मशीनवर उभ्या राहता असं लिहिलंत, म्हणून हे सविस्तर. माझ्या डाव्या अंगठ्याचं टोक नाही. घरी बनवलेली टेबल सॉ होती, पात्यामागे काप उघडा ठेवणारा फाळ नव्हता, ओल्या लाकडाचा काप मागून मिटला, पात्याने तुकडा धरला आणि माझ्या अंगावर फेकला. हात जिथे होता तिथे नंतर पातं होतं. वेदना फार उशिरा आली. आधी आठवतं ते एवढंच की मी मशीन बंद करायचं बटण शोधत होतो आणि ते उलट्या बाजूला होतं. पात्यामागचा तो फाळ, रायव्हिंग नाइफ, दातांपासून 3 ते 8 मिमीच्या आत असावा आणि कोणत्याही कारणाने काढून फळीवर ठेवलेला नसावा.

सरकत्या गाडीवर हात पात्यापासून लांब राहतो, हा या मशीनचा मोठा गुण. अपघात होतात ते उजव्या फेन्सला लावून अरुंद पट्ट्या काढताना. त्या वेळी फेन्सचं पुढचं टोक पात्याच्या मध्यापर्यंत मागे ओढून घ्यायचं, म्हणजे सुटलेला तुकडा फेन्स आणि पात्यात अडकत नाही. हातमोजे नकोत, पातं त्यांना धरून हात आत ओढतं. ओढणी, बांगड्या, घड्याळ शेडच्या दाराशीच.

हल्ली आल्टेनडॉर्फ कंपनीच्या हँड गार्ड यंत्रणेत पात्यावरचे कॅमेरे हात ओळखतात आणि हात धोक्याच्या जागी आला की पातं टेबलाखाली जातं. फेल्डर या दुसऱ्या कंपनीच्या पीसीएस यंत्रणेत हात पात्याला लागण्याआधीच पातं क्षणात खाली ओढलं जातं. दोन्हींत पातं वाया जात नाही, मशीन पुन्हा चालू होतं. महाग आहेत. पण दोन्ही बाजूंचं कलणं, मोठं पातं आणि आराखड्यांचा पडदा खोडलात की कोटेशनमध्ये त्यासाठी बरीच जागा निघेल. माझं मत विचाराल तर पडद्यापेक्षा हे हजारदा घ्या.

मशीनच्या किमतीवर थांबू नका. मुख्य मोटर साडेसात एचपी, स्कोरिंगची एक, धूळ ओढायच्या मशीनची पाच धरा, तर साडेतेरा एचपी, म्हणजे दहा किलोवॉटच्या पुढेमागे. शिवाय बँडर आणि कॉम्प्रेसर. वीज कंपनीकडे, म्हणजे एमजीव्हीसीएलकडे, मंजूर लोड किती आहे ते बिलावर बघा आणि वाढवायचा असेल तर अर्ज आत्ताच करा. मशीन आलंय आणि लोड नाही म्हणून प्लास्टिक पांघरून बसलेली मशीनं मी मकरपुऱ्यातच पाहिलीत.

धुळीसाठी मशीनचं खालचं तोंड बहुधा 120 मिमीचं आणि पात्यावरच्या हुडचं 80. दोन्हींतून हवा सेकंदाला 20 मीटरने धावायची तर तासाला जवळपास 1,200 घनमीटर ओढ लागते. डस्ट कलेक्टरच्या पाटीवरचा आकडा पाइप न जोडता मोजलेला असतो, म्हणून पाटीवर दीडपट तरी दिसू दे. खालचं तोंड जोडून वरचा हुड बाजूला टांगून ठेवणं ही आपल्याकडची जुनी सवय. जी धूळ नाकात जाते ती वरूनच उडते. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे ठरलेल्या पदार्थांत टाकली आहे. एमडीएफ कापता तेव्हा तर मास्कही लावा. गाडीच्या वाटेवर तेल मात्र कधी घालू नका. सुरुवातीला छान सरकते, मग तेलात भुसा बसून त्याचा लेप होतो. कोरडं फडकं पुरतं.

पाण्याचंही बघा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात किती आत आली, मगरींसकट, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पॅनल सॉच्या मोटरी पोटात, जमिनीजवळ असतात. तुमच्या गल्लीत तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या शेडवाल्याला विचारा आणि त्याहून उंच काँक्रीटचा ओटा करा. ओटा मशीनपुरता करू नका, शीट घेऊन माणूस जिथे-जिथे चालतो तेवढा सगळा करा, नाहीतर रोज पायरी चढून शीट चढवाल. विम्यात पूर आहे की नाही तेही वाचून घ्या.

पाती दोन जोड घ्या, एक मशीनवर आणि एक धारेला. प्रीलॅमसाठी 96 दातांचं, एक दात समलंब आणि एक सपाट असं. सागाची फळी उभी चिरायची तर 24-28 दातांचं. अण्णांना हे दुसरं पातं आवडेल. वेडीवाकडी फळी गाडीवर पकडून एका फेरीत तिची कड सरळ निघते. रंध्याची अर्धी सकाळ वाचते.

तर तीनांतलं कोणतं? इटालियन मशीन वरच्या दोन्ही परीक्षांत पास झालं, सुटे भाग मिळतात असं लेखी मिळालं आणि उतरवून बसवून द्यायला माणूस येणार असेल, तर ते घ्यायला हरकत नाही. यातलं एक जरी नसेल तर अर्धी किंमतही जास्त आहे. देशी मशीनला मी नावं ठेवणार नाही. रोज दोन-चार शीट असत्या तर तेच म्हणालो असतो आणि उरलेल्या पैशांचा डस्ट कलेक्टर घ्या म्हणालो असतो. पण रोज आठ-दहा शीट, मागे बँडर आणि पुढे अजून बऱ्याच वर्षांचा धंदा. जर्मन घ्या, साधं करून घ्या. करारावर सही करण्याआधी विक्रेत्याला दोन प्रश्न. तुमचा सर्व्हिसचा माणूस कोणत्या गावात राहतो? आणि आजूबाजूला हेच मशीन पाच वर्षं चालवलेला एक गिऱ्हाईक दाखवाल का? दाखवला तर विक्रेत्याला न घेता एकट्या जा.

जीएसटी 18 टक्के लागेल. नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, पण कराची तीच रक्कम मशीनच्या किमतीत धरून घसाराही काढला तर क्रेडिट जातं. सीएला आधीच सांगून ठेवा.

डेमोला जाताना तुमचंच प्रीलॅम न्या, सगळ्यात स्वस्त, पांढरं, जे सगळ्यात जास्त चिपतं. विक्रेता स्वतःचं महागडं बोर्ड कापून दाखवतो, ते कशानेही नीट कापलं जातं. अण्णांना बरोबर घ्या आणि त्यांचा गुण्याही. तिथे पोचल्यावर आधी गुण्याच तपासायला सांगा. शीटच्या सरळ कडेला लावून रेघ मारायची, उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारायची, दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. विक्रेत्याच्या माणसांसमोर हे त्यांनीच करावं. मग मशीनचा पहिला काप त्यांच्याच हातात द्या.